सेमी घ्यायचं की मराठीच बरं?

1 मेला सातवीचा निकाल हातात पडला की घरोघरी एकच चर्चा सुरू होते. आठवीला मुलीला सेमीला घालायचं, की मराठीतच राहू द्यायचं? सेमी म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी सगळं मराठीतून. काही शाळांत ते पाचवीपासूनच असतं, काही ठिकाणी आठवीपासून. खरं तर ही नुसती भाषेची निवड. पण सेमीची तुकडी म्हणजे हुशारांची तुकडी, असं आपल्याकडे कधीच ठरून गेलंय! त्यामुळे मुलीला काय जमेल यापेक्षा शेजारच्या काकू काय म्हणतील, हा विचार आधी येतो.

तालुक्याच्या शाळेत मी बरीच वर्षं दोन्ही तुकड्यांना गणित-विज्ञान शिकवलं. तोच धडा सकाळी मराठीतून, मधल्या सुट्टीनंतर इंग्रजीतून. फरक कुठे पडतो सांगू? समद्विभुज त्रिकोण म्हटलं की दोन भुजा समान, हे शब्दातच आलं. 'आयसोसेलस' म्हटलं की आधी शब्द पाठ करा, मग स्पेलिंग, मग अर्थ. अंश, छेद, कर्ण, लसावि हे तोंडात बसलेले शब्द एका जूनमध्ये न्यूमरेटर, डिनॉमिनेटर, हायपोटेनस, एलसीएम होऊन जातात. (मराठीतले सगळेच शब्द सोपे असतात असं नाही हं. 'अपरिमेय'ला पोरं दचकतातच!) तरी गणितात निभतं, कारण भाषा बदलली तरी रीत तीच राहते. खरी परीक्षा विज्ञानात. 'कारणे द्या' आलं की चार वाक्यं स्वतःची लिहावी लागतात. मग जिला कारण पक्कं माहीत असतं तीसुद्धा गाईडमधलं उत्तर घोकते. "बाई, मला येतंय, पण लिहिता येत नाही," हे वाक्य मी किती मुलींच्या तोंडून ऐकलं असेल!

मग घालूच नये का? तसं मी म्हणणार नाही. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात किमान पाचवीपर्यंत आणि शक्यतो आठवीपर्यंत मातृभाषेतून शिकवावं असं म्हटलंय, ते मला पटतं. पण आपल्याकडे अकरावी-बारावीचं सायन्स इंग्रजीतूनच शिकवतात. नीट परीक्षा मराठीतून देता येते, 2021 पासून जेईई मेनही देता येते, पण वर्गातलं शिकवणं इंग्रजीच. सायन्सला जायचं तर हा उंबरा ओलांडावाच लागतो. आठवीत ओलांडला तर सवयीला तीन वर्षं मिळतात. अकरावीत ओलांडला तर बारावी डोक्यावर उभी असते.

आणखी एक गोष्ट आहे, ती सहसा कुणी बोलत नाही. सातवीपर्यंत पोळ्या लाटता लाटता आई मुलीकडून गणितं करून घेते. सेमीचं पुस्तक उघडलं की दहावी झालेली आईही गप्प होते आणि अभ्यास क्लासवाल्याच्या हातात जातो. क्लास म्हणजे फी, आणि संध्याकाळचं जाणं-येणं. इथे घरातला हिशेब सुरू होतो. एका आईने मला सरळ विचारलं, "बाई, धाकट्याला सेमीला घालणारच आहोत, मग हिच्यासाठी कशाला तो खर्च?" मार्क बघितले तर मोठीचेच जास्त! हे खरं कारण असेल तर निदान मातृभाषेचं नाव पुढे करू नये.

एका वर्षी साठ-बासष्ट टक्क्यांच्या मुलीने हट्टाने सेमी घेतली, तिला नर्सिंगला जायचं होतं. वहीच्या मागच्या पानांवर एका बाजूला मराठी शब्द, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. पहिल्या चाचणीत वीसपैकी सात मिळाले, पण वर्गात तिचा हात वर जायचा थांबला नाही. त्याच तुकडीत सातवीला पहिली आलेली मुलगी मात्र पार मुकी झाली. सहामाहीनंतर आईने तिला मराठीत परत आणलं. "झेपलं नाही वाटतं," असं लोक दोन महिने बोलत होते. इकडे ती पुन्हा फळ्याशी येऊन माझ्याशी भांडायला लागली होती.

म्हणून टक्क्यांवर जाऊ नका. पुढच्या वर्गातल्या मुलीकडून आठवीचं इंग्रजी विज्ञानाचं पुस्तक आणा. एक पान वाचू द्या, पुस्तक मिटा आणि तेच मराठीत सांगायला लावा. शब्द अडले तर चालेल, शब्द येतात हळूहळू. वाक्यच लागत नसेल तर मराठीची तुकडी बरी. सेमीला शिकवणारे सर किंवा बाई मराठीतून समजावून सांगतात का, तेही विचारा. नुसतं फळ्यावरचं उतरवून घ्यायला लावत असतील तर मी दोनदा विचार करीन. आणि मुलीला विचारा, पण पाहुण्यांसमोर नको.

तुकडी बदलायची सोय कधीपर्यंत आहे, हे मुख्याध्यापकांना प्रवेशाच्या वेळीच विचारून ठेवा. उशिरा गेलात तर पलीकडचे बाक भरलेले असतात.