टायरच्या कारखान्यात भरलेले कॉलेज

दवाखाना म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे दोनच माणसे उभी राहतात, डॉक्टर आणि सिस्टर. पण आपल्या छातीचा फोटो काढतो तो कोण? रक्त आणि थुंकी तपासून रिपोर्ट देतो तो कोण? अर्धांगवायू झालेल्या वडिलांना धरून पुन्हा चार पावले चालायला शिकवते ती मुलगी कोण? ही सगळी रीतसर शिकून आलेली माणसे आहेत. आपल्याकडे त्यांच्या शिक्षणाला सरसकट ‘पॅरामेडिकल’ म्हणतात, अमेरिकेत ‘अलाईड हेल्थ’ म्हणतात. घरातले मूल बारावी सायन्स झाले की मेडिकल नाहीतर इंजिनिअरिंग, आणि तिथे नंबर लागला नाही की घरात सुतक पडल्यासारखे वातावरण, हे आम्ही अनेक घरांतून पाहतो. मधल्या या वाटेची कोणी चौकशीही करीत नाही.

म्हणून या शिक्षणाची एक हकिकत आज वाचकांपुढे ठेवीत आहोत. ती परदेशातली आहे खरी, पण कष्टकऱ्यांच्या वस्तीतली आहे.

अमेरिकेत दोन वर्षांची कॉलेजे असतात. त्यांना कम्युनिटी कॉलेज म्हणतात. अशा प्रकारचे पहिले सरकारी कॉलेज १९०१ साली इलिनॉय राज्यात जोलिएट या गावी निघाले. विद्यापीठापेक्षा फी कमी, वयाची आडकाठी नाही आणि शाळेत मार्क कमी पडले म्हणून दार लावून घेतले जात नाही, अशी या कॉलेजांची रीत. पुढे १९६५ साली म्हाताऱ्यांसाठी मेडिकेअर आणि गरिबांसाठी मेडिकेड या सरकारी योजना आल्या. इस्पितळांतील गर्दी वाढली आणि शिकलेले हात कमी पडू लागले. १९६६ साली अमेरिकी संसदेने या शिक्षणासाठी खास कायदा करून पैसा उपलब्ध केला. ते हात तयार करण्याचे बरेचसे काम कम्युनिटी कॉलेजांनी उचलले.

आता न्यूयॉर्ककडे वळू. याच शहरात १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकले. विद्यापीठापासून थोडे पुढे हार्लेम नदी लागते आणि नदीपलीकडे ब्राँक्स. त्याच्या दक्षिण भागात पोर्टो रिको बेटावरून आलेले स्पॅनिश बोलणारे लोक आणि काळे लोक मोठ्या संख्येने राहतात. इस्पितळात फरशी पुसायची, स्ट्रेचर ढकलायचे, स्वयंपाकघरात राबायचे, ही कामे त्यांच्या वाट्याला. वस्तीचे इस्पितळ लिंकन. त्याची जुनी इमारत इतकी मोडकळीला आली होती आणि उपचारांची अवस्था अशी होती, की लोक त्याला खाटीकखाना म्हणत. १४ जुलै १९७० रोजी ‘यंग लॉर्ड्स’ या पोर्टो रिकन तरुणांच्या संघटनेने या इस्पितळाचा ताबा घेतला आणि सुमारे बारा तास तो सोडला नाही. त्याच उन्हाळ्यात त्यांनी क्षयरोग तपासणीची एक्स-रे गाडीच ताब्यात घेऊन आपल्या वस्तीतल्या लोकांची तपासणी सुरू केली होती. एक्स-रेसाठी गाडी पळवावी लागते, यावरून त्या वस्तीच्या आरोग्याची कल्पना यावी.

या लोकांनी नुसते चांगले इस्पितळ मागितले नाही. आमच्या मुलांना कॉलेज द्या, अशीही मागणी केली. त्यातून १९६८ साली होस्तोस कम्युनिटी कॉलेज मंजूर झाले. पोर्टो रिकोचे शिक्षणतज्ज्ञ एउखेनियो मारिया दे होस्तोस यांचे नाव त्याला दिले. १९७० साली वर्ग सुरू झाले ते टायरच्या जुन्या कारखान्यात, ६२३ विद्यार्थ्यांनिशी. आमच्या वाचकांना येथे सिद्धार्थ कॉलेजची आठवण झाल्याशिवाय राहणार नाही. १९४६ साली मुंबईत तेही लष्कराच्या बराकींत सुरू झाले होते आणि नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून तेथे सकाळचे वर्ग भरत.

होस्तोसचे वेगळेपण भाषेत होते. विद्यार्थी काही विषय स्पॅनिशमधून शिकत आणि त्याच वेळी इंग्रजीही शिकत. ही सवलत म्हणजे शिक्षणाचा दर्जा घसरवणे, अशी टीका झाली. १९९७ साली तर पदवीदान समारंभ तोंडावर असताना विद्यापीठाच्या विश्वस्तांनी इंग्रजी लेखनाच्या परीक्षेची अट घातली. अनेकांची पदवी अडली आणि प्रकरण कोर्टात गेले. इंग्रजी यायला हवे यात आम्हाला शंका नाही. पण एक्स-रेच्या खोलीत काय घडते तेही पाहावे. रोग्याला पट्टीला छाती टेकवून उभे करतात, खांदे पुढे घ्यायला लावतात आणि सांगतात, खोल श्वास घ्या, रोखून धरा. खोल श्वासाने छाती आणि पोट यांमधला पडदा खाली जातो आणि फुफ्फुसाचा खालचा भाग नीट दिसतो. रोग्याला सूचना कळली नाही तर तो हलतो, श्वास अर्धवट राहतो, फोटो बिघडतो. मग दुसरा फोटो, म्हणजे अंगावर पुन्हा किरण. हीच सूचना रोग्याच्या भाषेत देणारा माणूस त्या खोलीत असेल तर फोटो पहिल्याच वेळी नीट येण्याचा संभव वाढतो. वस्तीतल्या मुलीने हे शिक्षण घ्यावे, यातला फायदा एकट्या तिच्या घराचा नाही तो असा.

हे कॉलेजही सहज टिकले नाही. १९७६ साली न्यूयॉर्क शहराची तिजोरी रिकामी झाली आणि होस्तोस दुसऱ्या कॉलेजात विलीन करण्याचा घाट घालण्यात आला. विद्यार्थी, शिक्षक आणि वस्तीतली माणसे इमारतीत ठाण मांडून बसली. सुमारे तीन आठवडे त्यांनी जागा सोडली नाही, अटका झाल्या. शेवटी राज्याच्या विधिमंडळाने कायदा करून कॉलेज वाचवले. मात्र त्याच वर्षी या शहराच्या विद्यापीठाने १८४७ पासून चालत आलेले मोफत शिक्षण बंद करून फी लावली. एका हाताने दिले, दुसऱ्या हाताने काढून घेतले! होस्तोसमध्ये आजही क्ष-किरण तंत्रज्ञ, दंतस्वच्छता आणि नर्सिंग यांचे शिक्षण मिळते. त्याच विद्यापीठाच्या मॅनहॅटनमधील कम्युनिटी कॉलेजात श्वसनोपचार शिकवतात. दमेकऱ्याला वाफ आणि औषध कसे द्यायचे, अत्यवस्थ रोग्याला लावलेले श्वासाचे यंत्र कसे सांभाळायचे, हे त्यात येते. कोरोनाच्या २०२० सालात या माणसांची किंमत सगळ्या जगाला कळली.

येथपर्यंत चित्र उजळ वाटेल. पण एक गोष्ट आम्ही मुद्दाम सांगतो. कॉलेजचे दार सर्वांना उघडे असले, तरी त्याच्या आत दुसरे दार असते आणि ते अरुंद आहे. नुसता कॉलेजात प्रवेश घेतला म्हणजे एक्स-रेच्या अभ्यासक्रमात प्रवेश मिळत नाही. आधी गणित, इंग्रजी आणि शरीररचनेचे विषय चांगल्या गुणांनी पार करावे लागतात. जागाही मोजक्या, कारण एका इस्पितळात एका वेळी किती शिकाऊ मुलांना हाताशी धरून शिकवता येईल याला मर्यादा असते. आत गेल्यावर इस्पितळात शेकडो तास काम करून शिकायचे असते. ते बहुधा दिवसा आणि बहुधा बिनपगारी. जो दिवसा पोट भरतो त्याने काय करायचे? शेवटी परवान्याची परीक्षा असतेच. क्ष-किरण तंत्रज्ञाच्या राष्ट्रीय परीक्षेला २०१५ पासून निदान दोन वर्षांची पदवी लागते. हुशारी असूनही मुले गळतात ती पुष्कळदा या टप्प्यावर, आणि पुष्कळदा पैशापायी.

न्यूयॉर्कच्या इस्पितळ कामगारांनी यावर स्वतःचा उपाय काढला. त्यांच्या ‘११९९’ या युनियनने १९५९ साली ४६ दिवसांचा संप केला होता. डॉ. मार्टिन ल्यूथर किंग या युनियनचे खंदे पाठीराखे होते. पगारवाढीवर न थांबता युनियनने १९६९ साली मालकांच्या वर्गणीतून शिक्षणाचा निधी उभा केला. स्वयंपाकघरातल्या बाईने आणि वॉर्डबॉयने फीची काळजी न करता शिकावे आणि त्याच इस्पितळात वरच्या कामावर जावे, अशी ती योजना. आमच्या मते उघड्या दाराइतकेच महत्त्व या निधीला आहे. आपल्याकडच्या किती युनियननी असा विचार केला?

आता आपल्या घरातल्या मुलांविषयी. गल्लोगल्ली पाट्या दिसतात, ‘सहा महिन्यांत लॅब टेक्निशियन, नोकरीची हमी’. आई दागिना गहाण ठेवते, फी भरली जाते आणि हातात येतो तो रंगीत कागद. वाचकांनी हे लक्षात ठेवावे की केंद्र सरकारने २०२१ साली या व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला आहे. त्याच्या व्याख्येप्रमाणे संलग्न आरोग्य व्यावसायिकाची पदविका किंवा पदवी निदान २,००० तासांची आणि दोन ते चार वर्षांची असावी लागते. फिजिओथेरपीसारख्या वरच्या व्यवसायांना निदान ३,६०० तासांची पदवी लागते. सहा महिन्यांचा कोर्स यात कोठे बसतो, ते ज्याने त्याने मोजून पाहावे.

फी भरण्यापूर्वी आईवडिलांनी स्वतः जाऊन चार प्रश्न विचारावेत. कोर्सला मान्यता कोणाची आहे? मान्यतेचे पत्र दाखवा. मुलांना कोणत्या इस्पितळात पाठवता, आठवड्यातून किती दिवस? तेथे त्यांच्या हाताखालून रोगी जातात की मुले नुसती भिंतीला टेकून उभी असतात? गेल्या वर्षी पास झालेल्या दोन मुलांची गाठ घालून द्याल का? आपल्याला इंग्रजी येत नाही म्हणून संकोच बाळगू नये, हे सगळे मराठीत विचारता येते. आणि जमल्यास त्या इस्पितळात जाऊन एक्स-रेच्या खोलीबाहेर तासभर बसावे. आत शिकाऊ मुले जातात की नाही, हे बाकावर बसल्या बसल्या दिसते.