काचेतला समुद्र आणि शेवाळाची शिल्लक

नाशिकच्या काही घरांच्या दिवाणखान्यांत अलीकडे समुद्र आला आहे. गोड्या पाण्यातील सोनमाशांवर समाधान न मानणारे हौशी गृहस्थ आता खाऱ्या पाण्याची टाकी ठेवतात; तीत निळ्या प्रकाशाखाली प्रवाळ उमलतात, केशरी-पांढरे क्लाऊनफिश फिरतात आणि आलेला पाहुणा चहा विसरून पाहत राहतो. टाकी, दिवे, पंप, क्षार, पाणी थंड राखणारे चिलर असा खर्च पाहता पाहता लाखाच्या घरात जातो. मग चार-सहा महिन्यांनी एके सकाळी खडकावर हिरवे केस दिसतात. ते खरवडावेत, तर आठवड्यात दुप्पट. दुकानदार एक बाटली देतो. बाटलीने पंधरा दिवस बरे वाटते आणि पुन्हा तेच. पुष्कळ टाक्या याच टप्प्यावर विकायला निघतात. हौस हरते ती पैशापायी नव्हे, शेवाळापायी.

हे शेवाळ म्हणजे रोग नव्हे, ती हिशेबातील शिल्लक आहे. ज्या घरांत पिढ्यान्पिढ्या रोजमेळ लिहिला गेला, त्यांना ही गोष्ट इतरांपेक्षा लवकर उमगावी.

घरगुती मत्स्यालयाचा इतिहासच मुळी शेवाळाच्या प्रश्नापासून सुरू होतो. लंडनचे रसायनतज्ज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० मध्ये आपला प्रयोग प्रसिद्ध केला. काचपात्रात सोनमासे आणि पाणवनस्पती ठेवल्या, तर वनस्पतीच्या प्राणवायूवर मासे जगतील, हा त्यांचा विचार होता आणि तो खराही ठरला. मात्र वनस्पतीची जुनी पाने कुजू लागली, पाणी गढूळ झाले आणि काचेवर हिरवा थर चढला. तेव्हा त्यांनी पाणगोगलगायी सोडल्या. त्यांनी थर खाल्ला आणि पात्र स्वच्छ झाले. त्याच सुमारास, १८४६ मध्ये, ॲना थिन नावाच्या बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला आणले आणि मोलकरणीकडून पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतवून त्यांना जगवले. आज पंप करतो ते काम तेव्हा माणसाचे हात करीत. वॉरिंग्टन यांच्या गोगलगायीने मात्र जो धडा दिला, तो अजून जुना झालेला नाही: कुजणाऱ्या वस्तूचे कुठेतरी काहीतरी होतेच, ते आपण ठरवले नाही, तर शेवाळ ठरवते.

टाकीत रोज चिमूटभर खाद्य पडते. मासा ते खातो, त्याची विष्ठा होते, उरलेले खाद्य कुजते. खाद्यातील नत्राचे शेवटी नायट्रेट होते आणि स्फुरदाचे फॉस्फेट. ही जमेची बाजू. नावेच्या बाजूला येतात पाणी बदलणे, गाळ उपसणे आणि स्किमर. स्किमर म्हणजे बारीक बुडबुड्यांना चिकटलेली सेंद्रिय घाण फेसावाटे कपात गोळा करणारे उपकरण. ती घाण कुजून नायट्रेट होण्याआधीच बाहेर निघते, हे त्याचे मोल. जमा अधिक आणि नावे कमी झाले की शिल्लक साठते. ती शिल्लक पाण्यात दिसत नाही, खडकावर हिरवी होऊन दिसते. म्हणूनच शेवाळ फोफावलेले असताना चाचणीत नायट्रेट शून्य आले, तर हुरळून जाऊ नये. रक्कम तिजोरीतून गेली आहे खरी, पण ती मालात गुंतली आहे.

पाणी बदलण्याबाबतचा गैरसमज तर आकड्यांनीच दूर होतो. समजा, टाकीत दर लिटरला ४० मिलिग्रॅम नायट्रेट आहे आणि मालक नेमाने दर आठवड्याला १० टक्के पाणी बदलतो. पाणी बदलले की ४० चे ३६ होतात. आठवडाभराच्या खाद्यातून ४ ची भर पडते, पुन्हा ४०. हा गृहस्थ वर्षातून बावन्न वेळा बादल्या उचलेल आणि वर्षअखेर तिथेच उभा असेल. त्याने खाद्य निम्मे करून आठवड्याची भर २ वर आणली, तर हळूहळू टाकी २० वर स्थिरावते. त्याबरोबर पाणी २० टक्के बदलले, तर १० वर. मुद्दल फेडायचे असेल, तर आधी नवी उचल थांबवावी लागते, हे वेगळे सांगायला नको.

हेच गणित नाशिककर रोज पुलावरून पाहतात. गोदावरीतील पाणवेली महापालिका काढते आणि त्या पुन्हा येतात. काढण्यात कसूर असेल वा नसेल. सांडपाण्यातून नत्र आणि स्फुरद येत आहे तोवर पाणवेलीला कुणाच्या परवानगीची गरज नाही. पुढे निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर नांदूर मध्यमेश्वरचा जलाशय आहे. २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून तो जाहीर झाला. तिथल्या पक्ष्यांनाही वरच्या शहराच्या या हिशेबाचीच झळ लागते.

टाकीत नको ती जमा येते कुठून, याचा शोध घेताना पाण्यापासून सुरुवात करावी. नळाच्या किंवा बोअरच्या पाण्यात क्षार विरघळवून समुद्र करणे म्हणजे पहिल्याच दिवशी कर्ज काढणे. द्राक्षबागांच्या या मुलखात खतांचा अंश भूजलात उतरू शकतो, हे ध्यानात ठेवावे. स्वयंपाकघरातील आरओचे पाणीही चालत नाही. त्या यंत्रात चव राखण्यासाठी थोडे मूळ पाणी मिसळण्याची किंवा खनिजे घालण्याची सोय बहुधा असते. टाकीसाठी आरओनंतर डीआय रेझिनमधून गेलेले, मीटरवर टीडीएस शून्य दाखवणारे पाणी हवे. त्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम सागरी क्षार. उन्हाळ्यात नाशिकची कोरडी हवा टाकीतून रोज लिटर-दोन लिटर पाणी सहज उडवते, पण मीठ उडत नाही. म्हणून ही तूट गोड्या पाण्यानेच भरायची. हे पाणी अशुद्ध असेल, तर बाष्पीभवन सगळी अशुद्धी टाकीतच साठवत जाते. शेवाळ मे महिन्यात बळावते, त्याचे एक कारण इथे दडलेले असते.

दुसरी जागा म्हणजे खडक. फॉस्फेट चुनखडीच्या खडकाला चिकटून बसते. पाण्यातील प्रमाण उतरले की खडक ते सावकाश परत सोडू लागतो. खाद्य कमी केले, पाणी बदलले, तरी दोन महिने फरक पडत नाही, तेव्हा ही जुनी थकबाकी वसूल होत असते. इथे धीर सुटतो आणि बाटली येते. शेवाळ मारणारे औषध शेवाळ मारते हे खरे, परंतु मेलेले शेवाळ टाकीतच कुजते आणि त्याने शोषलेले सगळे पुन्हा पाण्यात येते. रक्कम फक्त एका खात्यातून दुसऱ्या खात्यात वर्ग झाली. त्यापेक्षा जुन्या दातांच्या ब्रशने खडक घासून, सुटलेले शेवाळ नळीने त्याच वेळी बाहेर ओढणे शतपटीने बरे. जे टाकीबाहेर गेले, तेच नावे पडले.

आणखी एक टोक आहे, आणि चांगले शिकलेले लोकच त्यावर आपटतात. शेवाळाच्या धास्तीने कुणी दुप्पट स्किमर लावतो, फॉस्फेट शोषणारे लोहयुक्त दाणे भरतो आणि दोन्ही आकडे शून्यावर आणतो. प्रवाळ फिके पडतात. कारण उघड आहे: बहुतेक प्रवाळांच्या ऊतींत सूक्ष्म शैवालच राहते आणि प्रवाळाला लागणारे बरेचसे अन्न प्रकाशात तयार करून देते. त्यालाही नत्र-स्फुरद हवेच. मग रिकाम्या जागेवर डायनोफ्लॅजेलेट्स येतात. तपकिरी, शेंबडासारखे, बुडबुडे धरलेले. ते हिरव्या केसांपेक्षा कितीतरी चिवट. तिथे उपाय उलटा असतो, थोडे नायट्रेट आणि फॉस्फेट मुद्दाम वाढवावे लागते. नायट्रेट लिटरला २ ते १० मिलिग्रॅम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ च्या दरम्यान असले की बहुसंख्य टाक्या सुखी असतात. तांबडा मखमली थर आला असेल, तर तो मुळात शेवाळ नव्हेच, ते सायनोबॅक्टेरिया. पाणी जिथे तुंबते तिथे ते बसतात, म्हणून आधी पंपाची दिशा बदलून पाहावी.

शेवाळ खाणारा जीव नसेल तर काय होते, हे जमैकाच्या किनाऱ्यावर जगाने पाहिले. १९८३ मध्ये कॅरिबियन समुद्रात लांब काट्यांच्या काळ्या समुद्री साळूंवर रोग आला आणि त्यांतील बहुतेक मेल्या. शेवाळ खाणारे मासे अतिमासेमारीने आधीच संपले होते. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस निम्म्याहून अधिक तळ झाकणारे जमैकाचे प्रवाळ नव्वदच्या दशकारंभी पाच टक्क्यांच्याही खाली आले. उरलेली जागा शेवाळाने घेतली. तेव्हा टाकीत गोगलगायी हव्यात, हे खरे. पण दुकानात त्या डझनाने खपवल्या जातात; महिन्याभरात त्या शेवाळ संपवतात आणि नंतर उपाशी मरतात. मेलेली गोगलगाय कुजून पुन्हा जमेच्या बाजूला येते. शंभर लिटरच्या टाकीला चार-पाच पुरेत, आणि शेवाळ संपल्यावर त्यांना वाळवलेली नोरी द्यावी.

जैन घरांत हा प्रश्न निव्वळ स्वच्छतेचा राहत नाही. शेवाळाची गणना आपल्याकडे अनंतकायात होते. चातुर्मासात ओल्या अंगणातील लीलीवर पाऊल पडू नये म्हणून जपणाऱ्या आजीच्या घरात नातू रोज काच खरवडतो, हे विसंगत दिसणारच. त्यावर उत्तर एकच संभवते: शेवाळ वाढू न देणे हे ते वाढवून मारण्यापेक्षा श्रेयस्कर. अधिक अवघड प्रश्न खाद्याचा. क्लाऊनफिश आणि कित्येक सागरी मासे गोठवलेल्या कोळंबीसारख्या खाद्यावर पोसले जातात, आणि ते ठेवायचे म्हणजे घरच्या फ्रीजमध्ये. पुष्कळ कुटुंबांत टाकी आणायचे ठरते तेव्हा हे कुणी बोलत नाही. नंतर घरात अबोला धरला जातो. प्रकाशावर जगणारे प्रवाळ आणि गोगलगायी एवढ्यावरही सुंदर टाकी होते. तीत खाद्य जवळजवळ नसल्याने शेवाळही फारसे येत नाही.

प्रवाळ घेताना कायद्याकडे डोळेझाक करू नये. खडक बांधणारे सर्व कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, सी फॅन हे २००१ पासून वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत. आपल्या समुद्रातून काढलेला प्रवाळ, मग तो मालवणचा असो वा लक्षद्वीपचा, विकत घेणे हा किमान तीन वर्षांच्या कारावासाचा गुन्हा ठरू शकतो. ‘समुद्रातला ताजा खडक’ म्हणून जे विकले जाते, तेही बहुधा प्रवाळाचे सांगाडेच असतात. कृत्रिम सिरॅमिकचा खडक वापरावा. विक्रेता कागदपत्रे दाखवत नसेल, तर तो माल कितीही स्वस्त असो, परत फिरावे. पक्क्या बिलाविना माल न उचलणाऱ्या व्यापाऱ्याने इथेच नियम मोडावा, याचे आश्चर्य वाटते.

शेवाळाला शेवाळानेच काटशह देण्याची एक रीत आहे. मुख्य टाकीखालच्या सम्पमध्ये चिटोमॉर्फा नावाचे तारेच्या गुंत्यासारखे शेवाळ दिव्याखाली वाढवतात. ते नत्र-स्फुरद आधी उचलते आणि वरच्या टाकीत हिरव्या केसांना काही उरत नाही. दर पंधरवड्याला त्याचा निम्मा गुंता काढून टाकला की नावेची बाजू भरते. पण काढलेले शेवाळ ओढ्यानाल्यात टाकू नये. मत्स्यालयांसाठी जोपासलेले कॉलेर्पा नावाचे शेवाळ १९८४ मध्ये मोनॅकोच्या सागरी संग्रहालयाखालच्या समुद्रात आढळले. तेव्हा ते जेमतेम एक चौरस मीटर होते. काही वर्षांत भूमध्य समुद्राचा तळ त्याने हेक्टरांनी व्यापला. म्हणून काढलेला गुंता गच्चीवर उन्हात कडकडीत वाळवून मगच कचऱ्यात द्यावा. तो कुंडीतही घालू नये, त्यातले मीठ तुळस जाळते.