पाखराच्या पायातले कडे

१८९९ साली डेन्मार्कमधील व्हीबॉर्ग गावचे एक शिक्षक, हान्स मॉर्टेन्सन, यांनी स्टार्लिंग पक्ष्यांच्या पायांत ॲल्युमिनियमची कडी घातली. स्टार्लिंग म्हणजे आपल्या साळुंकीचाच भाऊबंद. कड्यावर क्रमांक आणि पत्ता. पाखरू कोठे सापडले तर कळवावे, एवढीच अपेक्षा. आपल्याकडे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९२७ मध्ये हे काम हाती घेतले.

कड्यावरून पक्षी कोठून कोठे जातो हे कळते, असे आपण वाचतो. ते खरेच आहे. पण लहान गाणाऱ्या पक्ष्यांची कडी दूरदेशी परत सापडणे फार क्वचित घडते. मला अधिक मोलाचे वाटते ते निराळेच: तेच पाखरू, त्याच झुडपात, चार दिवसांनी पुन्हा जाळ्यात येणे. कारण स्थलांतराचा बराचसा काळ उडण्यात जात नाही, वाटेवरच्या मुक्कामांत जातो. दिंडीला मुक्कामाच्या गावी भाकरी मिळाली नाही तर पुढची वाट अवघड, पाखरांचेही तसेच.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या समुद्रकाठी मॅनोमेट येथे १९६९ साली पक्षी-निरीक्षण केंद्र स्थापन झाले. अशा केंद्रांत पहाटे झुडपांमध्ये बारीक धाग्यांची जाळी उभी करतात. पक्ष्याला ती दिसत नाहीत; तो धडकून जाळ्याच्या झोळात पडतो. त्याला अलगद सोडवून कापडी पिशवीत ठेवायचे, कडे घालायचे, पंख मोजायचा आणि मग छातीवरच्या पिसांवर हळूच फुंकर घालायची. पिसे दुभंगतात, पातळ कातडीखाली पिवळसर चरबी दिसते. हीच त्याची शिदोरी! शेवटी वजन करून सोडून द्यायचे. (हे शिकलेल्या हातांचेच काम. उगाच हौस म्हणून करू गेल्यास पाखराचा पाय मोडतो.)

ब्लॅकपोल वॉर्बलर हा पक्षी चिमणीच्या निम्म्या वजनाचा, सुमारे १२ ग्रॅम. शरद ऋतूत या किनाऱ्यावर किडे खाऊन काहींचे वजन जवळजवळ दुप्पट होते. मग तो अटलांटिकवर झेपावतो. तो खरोखर समुद्रावरून जातो की किनाऱ्याने, हा वाद बरीच वर्षे चालला. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पाठीवर बांधलेल्या अर्ध्या ग्रॅमच्या यंत्रांनी दाखवून दिले की तो न थांबता सुमारे २,३०० ते २,८०० किलोमीटर उडतो, दोन-तीन दिवस. त्याला पाण्यावर उतरता येत नाही. तेव्हा किनाऱ्यावरची झुडपे तोडली तर पाखरू तेथे मरणार नाही. मरेल ते दूर समुद्रावर, जेथे कोणी पाहत नाही.

म्हणून दुसऱ्यांदा सापडलेल्या पाखराचे वजन वाढले की घटले हे पाहायचे. हाही हिशेब सरळ नाही. लांबच्या उड्डाणात काही जातींची आतडी आक्रसतात, त्यामुळे पहिले एक-दोन दिवस वजन फारसे वाढत नाही, कधी घटतेसुद्धा. शिवाय सोमवारी सापडलेले पाखरू शनिवारीच आलेले असू शकते, आणि गुरुवारी न सापडलेले गेलेच असेल असे नाही. जाळे ओळखून बाजूने जात असेल. मुक्कामाचा आकडा ‘निदान इतके दिवस’ असाच वाचावा लागतो. रोडावलेली पाखरे सहसा अधिक रेंगाळतात. गुबगुबीत पाखरे वारा अनुकूल झाला की त्याच रात्री निघून जातात, आणि केंद्राच्या वहीत त्यांची एकच ओळ राहते.