जीपच्या ब्रेकचा होज पाईप : तारेच्या विणीचा बसवावा काय?

तोडणी सुरू झाली की आपल्या भागात जीपला उसंत नसते. बेणे, खत, तोडकऱ्यांचा शिधा, वेळप्रसंगी आजारी माणूस, सारे तीच वाहते. १९४७ साली महिंद्रांनी मुंबईत विलीज जीपची जोडणी सुरू केली. त्या घराण्यातल्या जुन्या गाड्या अजूनही वस्त्यावस्त्यांवर राबताहेत. इंजिनाचे तेल आपण वेळेवर बदलतो, पण ब्रेकच्या होज पाईपकडे वाकून कोणी बघत नाही. मीही बघत नव्हतो.

गेल्या हंगामात माळावरून ओढ्याकडे उतरताना ब्रेक दाबला, की गाडी डावीकडे ओढू लागली. मागे बेण्याच्या मोळ्या आणि त्यांवर चार माणसे. गाडी थांबली, पण डावे चाक बांधावर चढवून. उतरून बघतो तर उजवीकडचा पुढचा ड्रम हात ठेववेना इतका तापलेला. मला वाटले, लायनर गेले. मिस्त्रींनी चाक खोलून लायनर पाहिले, ते ठीक होते. मग त्यांनी रबरी होज काढून मधोमध कापला. म्हणाले, "आण्णा, वरनं कसा नवा दिसतोय, आन् आत बघा काय झालंय."

आतले रबर फुगून भोक सुईएवढे उरले होते. पेडल दाबले की उजव्या चाकाला दाब उशिरा पोचायचा, म्हणून डावे आधी धरायचे. पेडल सोडले तरी तेल लवकर परत येत नसे, म्हणून उजवे घासत राहायचे. शिवाय जुन्या जीपना चारही चाकांचे ब्रेक एकाच मास्टर सिलिंडरच्या एकाच फेऱ्यात असतात. एक होज फुटला तर चारही चाके मोकळी.

मग तारेच्या विणीचा पाईप बसवायचा ठरले. यात आत टेफ्लॉनची नळी आणि तिच्यावर न गंजणाऱ्या पोलादी तारांची घट्ट वीण असते. दाबाखाली तो रबरासारखा फुगत नाही. उसाची खोडकी किंवा दगड घासला तरी सहजी फाटत नाही. मात्र ड्रम ब्रेकच्या गाडीत पेडल खोल जाते ते बहुधा लायनर ड्रमपासून लांब गेल्यामुळे किंवा तेलात हवा शिरल्यामुळे. ते दोष नव्या पाईपाने जात नाहीत. वीण ज्याला घासेल त्याला ती कानशीसारखी खाते आणि तिच्यात चिखल-वाळू अडकते, म्हणून वरून प्लॅस्टिकचे आवरण असलेलाच घ्यावा. टोके कारखान्यात दाबून बसवलेली हवीत. दुकानात पक्कडीने आवळून दिलेला पाईप फुकट मिळाला तरी नको. आय. एस. ७०७९ हे भारतीय मानक ब्रेक होजसाठीच आहे, त्याची खूण विचारा.

खरी मेख लांबीत आहे. आपल्याकडे चिखलासाठी मोठे टायर घालतात, लांब शॅकल लावून गाडी उचलतात, आणि होज मात्र जुन्याच मापाचा राहतो. चाक खड्ड्यात लोंबले की तो ताणला जातो. म्हणून चेसिसला जॅक लावून चाके पूर्ण लोंबू द्यावीत, स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवावे आणि मगच माप घ्यावे. उरलेला झोल टायरला किंवा स्प्रिंगला लागता कामा नये.

खोलताना एका पान्याने होजचे टोक धरावे, दुसऱ्याने नट सोडवावा. नाहीतर पोलादी नळी पिळवटते आणि खर्च वाढतो. बसवताना आधी चाकाकडचे टोक नव्या तांब्याच्या वॉशरसह आवळावे, मग चेसिसच्या ब्रॅकेटकडचे. उलटे केले तर पाईपाला पीळ बसतो.

हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबचे चाक प्रथम, म्हणजे आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत मागचे डावे. मग मागचे उजवे, पुढचे डावे आणि शेवटी पुढचे उजवे. टाकीतले तेल संपू देऊ नये, नाहीतर हवा पुन्हा आत. तेल गाडीला सांगितलेलेच घालावे. नवे डॉट ३ किमान २०५ अंशांवर उकळते, डॉट ४ किमान २३० अंशांवर. पण हे तेल हवेतले पाणी ओढते, आणि पाणी शिरले की उकळण्याचा अंश बराच खाली येतो. गेल्या हंगामात फोडलेला डबा वापरू नका. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकचे तेल तर चुकूनही नको. त्याने सिलिंडरमधली रबरे फुगतात. (बॉनेटवर सांडलेले ब्रेक तेल रंग उडवते, हे मी स्वतःच्या गाडीवर शिकलो.)

काम झाले की एकाने मिनिटभर पेडल जोरात दाबून धरावे, दुसऱ्याने खाली प्रत्येक जोड कोरड्या कापडाने पुसून बघावा. मग अंगणात सावकाश चालवून ब्रेक मारावा. दोन दिवस रिकामी गाडी चालवून जोड पुन्हा तपासले, आणि तिसऱ्या दिवशी मी बेणे भरले. या खेपेला माणसे मागून चालत आली. ते म्हणाले, "आधी तुमी उतरून दाखवा."