समाजशास्त्रज्ञ डॉ. गेल ऑम्व्हेट

समाजशास्त्र हा विषय बी.ए.ला अनेक विद्यार्थी घेतात. परंतु समाजशास्त्रज्ञ नेमके करतो काय, हे डॉ. गेल ऑम्व्हेट यांच्या कार्यावरून चांगले समजते.

२ ऑगस्ट १९४१ रोजी अमेरिकेतील मिनिआपोलिस येथे त्यांचा जन्म झाला. संशोधनासाठी त्या महाराष्ट्रात आल्या, मराठी शिकल्या. १९७३ साली ब्राह्मणेतर चळवळीवरील प्रबंधास बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाची पीएच.डी. मिळाली. ही चळवळ केवळ नोकऱ्यांसाठी होती असे म्हणणारे पुष्कळ होते. ते जातिव्यवस्थेविरुद्धचे सांस्कृतिक बंड होते व त्याची मुळे महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजात होती, हे बाईंनी दाखवून दिले.

पुढे त्या सांगली जिल्ह्यातील कासेगावच्याच झाल्या. १९८३ साली भारताचे नागरिकत्व घेतले. शेतमजूर स्त्रियांमध्ये मिसळून त्यांच्या लढ्यांवर लिहिले. २००३ साली भारतातील बौद्ध धम्मावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. २५ ऑगस्ट २०२१ रोजी कासेगावीच त्यांचे निधन झाले.

आपल्या जालना जिल्ह्यातूनही दरवर्षी कितीतरी कुटुंबे कोयता घेऊन ऊसतोडीस जातात. बँकेच्या खिडकीपलीकडे ही माणसे आम्ही पाहतो, पण विचारपूस करीत नाही. परदेशातील बाई आपली भाषा शिकून विचारू शकल्या; आपल्याला तर भाषाही शिकावी लागत नाही. विद्यार्थी मित्रांनो, वहीपेन घेऊन आपल्याच वस्तीपासून सुरुवात करा : मुकादमाकडून उचल किती घेतली? कोणत्या कारखान्यावर गेले? मुलांची शाळा सुटली का? समाज बदलायचा तर आधी तो नीट पाहिला पाहिजे.