आधी परिमाण, मग सौदा

अंबा नदीकाठच्या नागोठण्याला तेल-वायूचा उद्योग परका नाही. मुंबई हायचा वायू उरणमार्गे येथील कारखान्यात येतो आणि त्यापासून प्लास्टिकचा कच्चा माल तयार होतो. आता याच गावात बसून मोबाईलवरून मुंबईच्या एमसीएक्स बाजारात कच्च्या तेलाचा वायदाही करता येतो. दोहोंत भेद मोठा आहे. कारखान्याला माल हवा असतो, तर वायदा करणाऱ्या बहुतेकांना केवळ भावातील फरक हवा असतो. हा फरक किती महाग पडू शकतो, हे २० एप्रिल २०२० रोजी दिसून आले.

कोरोनामुळे जगभर तेलाची मागणी घटली होती आणि अमेरिकेतील साठवणुकीच्या टाक्या भरत आल्या होत्या. त्या दिवशी एमसीएक्सवरील एप्रिल वायद्याची मुदत संपत होती. टाळेबंदीमुळे बाजार सायंकाळी पाच वाजताच बंद झाला, तेव्हा भाव सुमारे ९६५ रुपये प्रतिबॅरल होता. मात्र अंतिम हिशेब न्यूयॉर्कच्या भावावर अवलंबून होता आणि तेथे त्या रात्री भाव उणे ३७.६३ डॉलरवर गेला. परिणामी येथील वायद्याचा हिशेब उणे २,८८४ रुपये दराने झाला. एक लॉट शंभर बॅरलचा. ज्याने शेवटच्या भावाने ९६,५०० रुपयांचा एक लॉट घेऊन ठेवला, त्याचे नुकसान ३,८४,९०० रुपये झाले. बाजारच बंद असल्याने स्टॉप लॉस निरुपयोगी ठरला.

मार्जिन म्हणजे जोखमीची कमाल मर्यादा नव्हे, हा या घटनेचा पहिला धडा होय. किती लॉट घ्यावेत हे मार्जिनवरून नव्हे, तर किती तोटा सोसवेल यावरून ठरवावे. समजा, भांडवल पाच लाख रुपये आहे आणि एका सौद्यात त्याच्या एक टक्क्याहून, म्हणजे ५,००० रुपयांहून, अधिक गमवायचे नाहीत. स्टॉप लॉस खरेदीभावाच्या शंभर रुपये खाली ठेवल्यास मोठ्या लॉटमध्ये १०,००० रुपयांचा धोका आहे, म्हणून तो वर्ज्य. दहा बॅरलच्या मिनी लॉटमध्ये धोका १,००० रुपयांचा, म्हणून असे जास्तीत जास्त पाच लॉट घेता येतील.

परंतु एवढ्यावर निश्चिंत राहता येत नाही. वरील प्रसंगी हेच पाच मिनी लॉट हाती असते, तर १,९२,४५० रुपये, म्हणजे भांडवलाच्या ३८ टक्के रक्कम गेली असती. ती भरून काढण्यास उरलेल्या रकमेवर सुमारे ६३ टक्के नफा मिळवावा लागला असता. तेलाचे भाव युद्ध, तेल-उत्पादक देशांचे निर्णय किंवा अमेरिकेतील साठ्याचे साप्ताहिक आकडे यांमुळे एकाएकी उसळतात वा कोसळतात आणि ठरवलेल्या भावाला बाहेर पडता येतेच असे नाही. म्हणून गणिताने पाच लॉट येत असतील, तर दोन-तीनवरच थांबणे शहाणपणाचे. मुदतीच्या अखेरच्या दिवसापर्यंत सौदा उघडा ठेवू नये. घरखर्च, मुलांचे शिक्षण वा कर्जाचा हप्ता यांसाठी राखलेला पैसा या व्यवहारात मुळीच आणू नये.

सौद्यापूर्वी तीन आकडे वहीत लिहून ठेवावेत : सोसवेल असा तोटा, बाहेर पडण्याचा भाव आणि मुदतीपूर्वी सौदा मिटवण्याची तारीख. यांपैकी एकही आकडा लिहिता येत नसेल, तर तो सौदा सोडून द्यावा.