अत्तराच्या बाटलीवर फक्त नाव असते

रमजानचा शेवटचा अशरा, म्हणजे अखेरचे दहा दिवस, सुरू झाले की मशिदीजवळच्या अत्तराच्या दुकानांवर गर्दी वाढते. टोप्या, तसबीह, मिसवाक आणि त्यांच्या शेजारी काचेच्या इवल्याशा बाटल्या. दुकानदार मनगटावर काडी फिरवतो, गिऱ्हाईक हुंगते, भाव ठरतो आणि तीन किंवा सहा मिलिलिटरची बाटली खिशात जाते. जुम्याला आणि ईदला आंघोळ करून, असतील त्यातले चांगले कपडे घालून, सुगंध लावून नमाजला जाणे ही सुन्नत, म्हणजे पैगंबरसाहेबांचा प्रघात. त्यामुळे वर्षभर अत्तराला हात न लावणारा माणूसही त्या दिवशी कानाच्या पाळीत फाया ठेवतो. हिंदू घरांनाही ही बाटली परकी नाही. हळदीकुंकवाला हाताला अत्तर लागते, लग्नाच्या मांडवात दारातच अत्तर-गुलाबपाण्याने स्वागत होते. बाटली बहुधा याच दुकानातून गेलेली असते.

दुकानात एक पाटी हमखास दिसते : 'अल्कोहोल फ्री'. नमाजी माणसाच्या मनातल्या एका शंकेचे उत्तर या पाटीत आहे. मात्र त्वचेला ते सोसेल का, या प्रश्नाचे उत्तर तिच्यात नाही, आणि बहुतेकजण ते तिच्यातच आहे असे समजतात. स्प्रेमधले अल्कोहोल लावताक्षणी उडून जाते. तेलातले अत्तर मात्र तासन्‌तास अंगावर बसून राहते, आणि तेही पातळ न केलेले.

कनौजची जुनी रीत अशी की, तांब्याच्या डेगेत फुले आणि पाणी घालून ती आचेवर ठेवायची आणि वाफ भपक्यातल्या चंदनाच्या तेलात उतरवायची. चंदन महाग झाले तसे त्या तेलाच्या जागी लिक्विड पॅराफिनसारखी स्वस्त द्रव्ये आली. गावोगावच्या दुकानांत जे मिळते त्यातले बरेचसे तर डेगेतले नसतेच. ते कारखान्यात तयार झालेले 'कंपाउंड' असते. कृत्रिम म्हणून ते वाईट, असे मुळीच नाही. अडचण प्रमाणाची आहे. स्प्रेच्या सेंटमध्ये सुगंधी अर्क साधारण १५ ते २० टक्के असतो, बाकी अल्कोहोल आणि थोडे पाणी. तसाच अर्क निव्वळ बाटलीत भरून अंगाला लावला, तर हिशेब कुठच्या कुठे जातो. आणि 'नैसर्गिक' म्हणून निर्धास्त राहण्यातही अर्थ नाही. गुलाबाच्या तेलात जिरॅनिऑल आणि युजेनॉल असतात, आणि ही दोन्ही द्रव्ये ॲलर्जी करणाऱ्यांच्या यादीत आहेत. बर्गमॉट या लिंबाच्या जातीच्या फळाचे तेल लावून उन्हात गेले की त्वचा भाजल्यासारखी होते आणि डाग उरतो.

कस्तुरीची गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण ईदच्या बाजारात 'मुश्क' हे नाव फार चालते. कस्तुरीमृगाची शिकार १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे. तेव्हा स्वस्त बाटलीतली कस्तुरी हरणाच्या नाभीतली नसते. १८८८मध्ये अल्बर्ट बाऊर हा जर्मन रसायनशास्त्रज्ञ स्फोटकांवर काम करत असताना त्याच्या हाती कस्तुरीसारख्या वासाचे द्रव्य लागले. त्या कुळातलेच मस्क ॲम्ब्रेट पुढे जगभर वापरले गेले. १९७०च्या दशकाच्या अखेरीस लक्षात आले की, हे द्रव्य असलेले आफ्टरशेव्ह लावून उन्हात गेलेल्या पुरुषांच्या चेहऱ्यावर पुरळ उठते. मग उंदरांच्या मज्जातंतूंना त्याने इजा होते हेही दिसले. १९८७मध्ये जपानी डॉक्टरांनी उदबत्तीतल्या मस्क ॲम्ब्रेटमुळे चेहरा काळवंडल्याची नोंद केली. नुसत्या धुरामुळे! युरोपने १९९५मध्ये सौंदर्यप्रसाधनांत त्यावर बंदी घातली. आपल्यासारख्या सावळ्या कातडीवर ॲलर्जी लाल चट्ट्यांनी लगेच ओळखू येत नाही, पुष्कळदा ती हळूहळू काळपटपणा होऊन उरते. लोक तो उन्हाच्या माथी मारतात.

या द्रव्यांची परीक्षा घेणारी रिफ्म ही संशोधन संस्था अमेरिकेत १९६६मध्ये सुरू झाली. तिच्या अभ्यासाच्या आधारे इफ्रा ही सुगंध उद्योगाची आंतरराष्ट्रीय संघटना १९७३पासून नियम ठरवते. काही द्रव्ये पूर्ण बंद, काहींना मर्यादा, आणि काही ठरावीक शुद्धतेचीच चालतात. मर्यादा वस्तूगणिक बदलते. साबण धुऊन जातो, अत्तर राहते, म्हणून दोघांचे माप वेगळे. हे नियम धंद्याने स्वतःला घालून घेतले आहेत, तो कायदा नव्हे. पण चांगला पुरवठादार कंपाउंडबरोबर इफ्राचे प्रमाणपत्र देतो, आणि अंगाला लावायच्या वस्तूत ते किती टक्क्यांपर्यंत चालेल हे त्यावर लिहिलेले असते. दुकानदाराने ते एकदा तरी मागून पाहावे.

युरोपात २००३च्या नियमानुसार २६ ॲलर्जीकारक सुगंधी द्रव्यांची नावे वेष्टनावर छापावी लागतात. अंगावर राहणाऱ्या वस्तूत ती ०.००१ टक्क्याहून जास्त असली तरी. २०२३मध्ये ही यादी ८०च्या पुढे गेली. आपल्याकडे वर्ज्य द्रव्यांची यादी भारतीय मानक ब्युरोच्या आयएस ४७०७ या मानकात आहे, शिवाय २०२०चे सौंदर्यप्रसाधन नियमही आहेत. पण ६० मिलिलिटरपेक्षा लहान बाटलीला घटकांची यादी छापण्यातून सूट आहे. म्हणजे सहा मिलिलिटरची अत्तराची बाटली त्यातून सुटलीच! डब्यातून सुटे ओतून दिलेल्या मालावर तर बनवणाऱ्याचे नावही नसते, फक्त 'मजमुआ' किंवा 'हिना' अशी चिठ्ठी. एखाद्याला युजेनॉलची ॲलर्जी आहे हे डॉक्टरांनी पाठीवर पट्ट्या लावून शोधून काढले, तरी दुकानात उभे राहून त्याने काय टाळावे? सूट द्यायची तर ती निदान ॲलर्जीच्या द्रव्यांना तरी नको होती.

बाटली जुनी झाली की आणखी एक भानगड. लव्हेंडरमधले लिनॅलूल आणि संत्र्या-लिंबातले लिमोनिन हवेशी संयोग पावून जास्त त्रासदायक होतात. त्यामुळे गेल्या ईदची, खिडकीत उन्हात राहिलेली अर्धी बाटली यंदा न वापरलेली बरी.

चांदरातीला घेतलेले अत्तर सकाळी मानेला चोळले आणि त्याची ॲलर्जी असली, तर खाज त्याच वेळी सुटत नाही. ती एक-दोन दिवसांनी येते, आणि तोवर संशय शीरखुर्म्यावर किंवा नव्या कुर्त्याच्या कापडावर गेलेला असतो. म्हणून अत्तर आठवडाभर आधी घ्यावे, कोपराच्या आतल्या बाजूला रोज एक थेंब लावून पाहावा. रोजा असला तरी हरकत नाही, अत्तर लावल्याने रोजा तुटत नाही. आधी कधी त्रास झालेल्याने मात्र हा प्रयोगही डॉक्टरांना विचारूनच करावा. ईदला फाया कानात ठेवण्याऐवजी खिशात ठेवला तरी सुगंध येतो. आणि तरावीहला तो बेताचाच असावा, कारण त्या रांगेत खांद्याला खांदा लावून उभा असलेला शेजारी दम्याचाही असू शकतो.